आंदणाचा कॉम्प्युटर

मु. आसेगाव,
शुक्रवार, दुपारचे दोन

आदरणीय उत्कर्षदादास, तुझा मामेभाऊ संघदीप याचा मान खाली घालून जयभीम.

तुझी तब्येत कशी आहे? अकोल्याचं ऊन डोक्यात जात नसेल अशी आशा करतो, कारण आज ते डोकं थंड पाहिजे. मोटरसायकलचं सायलेन्सर कसं आहे? (दोन तासांसाठी नेलेली गाडी चौथ्या दिवशी आणली, कबूल. पण किन्हीराजाजवळ एक माणूस मधाचं पोळं काढून राह्यला होता, ते अर्धवट सोडून कसा येणार?) तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र सेवालालच्या हाती देऊन राह्यलो. सेवालाल उद्या पहाटे वांगी-टमाट्याची गाडी घेऊन अकोल्याच्या बाजारात येतो. माल उतरवला की तुझ्या खोलीवर येईल. माणूस अबोल आहे, पण चहा दोनदा घेतो.

आता मुद्द्याचं. आपल्या धाकट्या बहिणीची, धम्मदीपाची, रविवारी अकरा वाजता चाचणी आहे. नागपूरची एक टीम तिले पगार देऊन गेम खेळाले ठेवणार म्हणते. चाचणी घरूनच, चाळीस मिनिटं सलग. कॉम्प्युटर मधात बंद पडला तर बाद, दुसऱ्यांदा बोलावत नाहीत. अन् सोमवारी किन्हीराजाचे पाहुणे तिले पाहाले येऊन राह्यले. बोलावलं मोठेबाबानं, म्हणजे तुझ्या पंजाबरावमामानं. दोघांचा करार असा की रविवारी निवड झाली तर मोठेबाबानं स्वतः फोन करून पाहुण्यांले नाही म्हणायचं, अन् नाही झाली तर धम्मदीपानं मुकाट चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायचं. शब्दाले दोघंही पक्के. तू दोघांलेही ओळखतोस, म्हणून जास्त लिहीत नाही.

कॉम्प्युटर कसा जमला ते तुले माहीत नाही. धम्मदीपानं साऱ्या नातेवाइकांले घरी बसवून सांगितलं, माझ्या लग्नात जे आंदण देणार ते आताच द्या, ताट-वाट्या नको, पार्ट द्या. लोक आधी हसले, मग ईर्षेवर आले. कोणता पार्ट घ्यायचा याची तुझी यादी होतीच. तू फोनवर दहादा बजावलं होतं की लई महागाचं नको, पण सारं एकमेकांच्या तोलाचं पाहिजे, एक पाय बुटात अन् एक चपलेत असं नको. ती यादी मंगरूळपीरच्या स्टँडवर माझ्या हातून वाऱ्यानं उडाली अन् एका बकरीनं खाल्ली. (बकरी करड्या रंगाची होती. मालक चांगला निघाला, त्याच्यासोबत मी धनजपर्यंत गेलो, पण ते नंतर सांगतो.) यादी नाही म्हटल्यावर आंदणात होते तीच गोष्ट झाली. कपाट द्याले चार जण भांडतात, चाळणी कोणी देत नाही. तुझ्या आईनं, म्हणजे आमच्या लिलाआत्यानं, ग्राफिक्स कार्ड उचललं, कारण दुकानात सर्वात मोठा डबा त्याचा होता. मोठेबाबाले कोणीतरी सांगितलं की प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. बस, डोकं आमच्याकडून. मावश्यांनी मिळून रॅम दिली.

अन् मग रिवाजाप्रमाणं नावं टाकली. बाजारात भांड्यावर नाव टाकणारा देवला आहे ना, त्याच्याकडे मोठेबाबा सारे पार्ट टोपल्यात घालून घेऊन गेले. कार्डाच्या पाठीवर आता लिहिलेलं आहे, 'चि. धम्मदीपा हिस आयु. लिलाबाई व परिवार, धनज, यांजकडून सप्रेम भेट'. (तू परिवारात येतोस.) प्रोसेसरवर जागा कमी, तिथं 'पंजाब' एवढंच बसलं. तेही बसवल्यावर कॉम्प्युटरातल्या छोट्या पंख्याखाली गेलं. मोठेबाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट, पाहुणे आले की पंखा काढून दाखवता येईल का म्हणत होते. एवढं करून सारं चालू झालं हे नवल आहे. पण बदलून काही मिळत नाही. वाशिमच्या दुकानदारानं कार्डावरचं नाव वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं, अन् माझ्या तोंडाकडे पाहत राह्यला.

राहता राह्यला पॉवर सप्लाय, म्हणजे साऱ्या पार्टांले करंट पुरवणारा डबा. तो डबा पार खाली, अंधारात, त्याच्यावर नाव टाकून वाचणार कोण? कोणीच घेतला नाही. म्हणून मी घेतला.

कालपासून काय होऊन राह्यलं ते ऐक. कॉम्प्युटर सुरू होते, गेम उघडते, धम्मदीपा पळते, लपते, सारं गोड. सातव्या मिनिटाले समोरून चार शत्रू एकदम येतात, आग, धूर, कार्ड जोरात करंट ओढते, अन् खट्. सारं काळं. पुन्हा केलं, पुन्हा खट्. सगळ्यांनी गावच्या लायनीले नावं ठेवली. वायरमनले खांबावर चढवलं, तो उन्हात तासभर वर होता. (मी खालून पाणी दिलं. बोललो काही नाही.) मग धम्मदीपा म्हणे चक्कीवर लाइन जोरदार असते, तिथं नेऊ. आज सकाळी आमी तो कॉम्प्युटर चादरीत बांधून चक्कीवर नेला. ज्वारीचं पीठ उडून राह्यलं, दळणवाल्या बाया रांग सोडून पाहाले आल्या, मोठेबाबा पोत्यावर बसले. सातवं मिनिट आलं. खट्.

धम्मदीपानं पेचकस घेतला, तो खालचा डबा बाहेर काढला, अन् तळहातावर ठेवून तोलला, बायका बाजारात भोपळा तोलतात तसा. एवढा हलका. मग चक्कीचा आवाज थांबल्यावर बोलावं तशी ती हळू बोलली.

"दादा, हा तू घेतला ना?"

मी पिठाकडे पाह्यलं. मोठेबाबा तरुणपणी शंकरपटाच्या शर्यतीत बैलांची जोडी पळवत, त्याईले लगेच समजलं.

"बैल पटाचे आनले," ते म्हनले, "अन् चारा शेळीचा टाकून राह्यले. पळतीन काहून?"

मग पोत्यावरून उठले, धोतराचं पीठ झटकलं, अन् घरात सोमवारसाठी पोहे आहेत का ते विचारलं. तेव्हापासून धम्मदीपा ओट्यावर बसून मोबाइलवर बोटं चालवून राह्यली, नुसती सवय जाऊ नये म्हणून. मले तिच्याकडे पाहावत नाही, म्हणून मी मागच्या खोलीत बसून तुले लिहून राह्यलो. दुकानदार म्हणतो मोठा पॉवर सप्लाय बुधवारी येईल. बुधवारी घेऊन काय करू?

बाकी घरी सर्व ठीक. आत्याले अजून काही सांगितलं नाही. तब्येतीले जप, उन्हात फिरू नको.

तुझा अपराधी भाऊ,
संघदीप

ता. क. तुझ्या कॉम्प्युटरात साडेसहाशे वॅटचा पॉवर सप्लाय आहे. तो काढून सेवालालजवळ दे. पेचकस त्याच्या खिशात आहे. डबा घेतल्याशिवाय हलू नको असं मी त्याले सांगितलं, अन् तो सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे.

ता. क. दुसरा. बकरीनं काही खाल्लं नाही. यादी माझ्या खिशातच आहे, आताही समोर आहे. पॉवर सप्लायखाली तू दोन रेघा मारल्या होत्या. मोठा डबा दुकानात हातात घेतलाही होता. पण बाजूले काचेची कॅबिनेट, म्हणजे सारे पार्ट बसवायची पेटी, ठेवली होती, सात रंगाचे दिवे असलेली, अन् दोन्ही माझ्या पैशात बसत नव्हते. त्या काचेवर देवलानं मोठ्या अक्षरात टाकलं, 'भाऊ संघदीप याजकडून'. माझं नाव असलेली घरात दुसरी वस्तू नाही दादा. ती काच आता मी काढून ठेवली. उघडं राह्यलं की खालचा डबा सरळ दिसते. शनिवारी संध्याकाळी देवला येईल, त्याच्यावर तुझं नाव टाकू, पूर्ण, आडनावासहित.

ता. क. तिसरा. हा मजकूर धम्मदीपानं आता खिडकीतून वाचला. ती म्हणते की रविवारी बंद पडला, तर सोमवारचा चहा ती ट्रेवर नाही, त्याच काचेवर नेणार, आंदण कोणाचं ते पाहुण्यांले नीट वाचता यावं म्हणून. काच तिनं धुऊनही ठेवली.