लाळेऱ्यांत गुंडाळून आलेलं

दि. ९, सोमवार, दुपार

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. देवाच्या कृपेनं इकडे सगळे उठूनबसून आहेत. तुम्हा दोघांची खुशाली त्याच्याकडे रोज मागते.

पार्सल केव्हाच मिळालं, पोच द्यायला उशीर झाला. लाळेरी चार, मऊ दुपटी दोन, टोपडं एक, चावायचं रबरी कडं एक आणि थर्मामीटर एक. काचेचा एवढासा जीव, पण लाळेऱ्यांच्या पोटात तू असा बसवलास की टवकासुद्धा उडाला नाही. तिकिटं मात्र मोजली आणि कपाळाला हात लावला. तेवढ्यात दोन नवी कडी आली असती! सुतळीची गाठ न कापता सोडवून ठेवणारी माझी ताई एवढी उधळी कधी झाली? काटकसर केलीस ती चिठ्ठीत. ‘लाळेरी गरम पाण्यात धू, रंग जात नाही.’ बाकी एक अक्षर नाही.

आमच्या इन्स्पेक्टरांना खालचे दोन दात येतायत. दिसेल ते तोंडात घालून तपासतो, म्हणून ह्यांनी त्याला हे नाव ठेवलंय. हिरड्या टरारून फुगल्यात. मूठ तोंडात, मूठ काढली तर माझी हनुवटी. एक लाळेरं पिळून वाळत घालावं, तोवर दुसरं चिंब. फडकं गार पाण्यात भिजवून चावायला देते. हात धुऊन बोट हिरडीवरून हलकेच फिरवलं की जरा निवतो, पापण्या जड होतात, आणि मग एकदम करकचून चावतो. सासूबाई हसतात, “मेल्याला आईचीच बोटं गोड लागतात.”

कडं मात्र मी त्याला दिलं नाही.

तुला खोटं कशाला सांगू? धुतलं, उकळलं, हातात घेतलं आणि पुन्हा उकळत टाकलं. त्याच्या एका बाजूला चावल्याचे बारीक खळगे आहेत, माझा अंगठा सारखा तिथंच जायचा. शेवटी देवाच्या तसबिरीमागे ठेवून दिलं. म्हटलं, तूच सांभाळ बाबा, मला धीर होत नाही.

त्यानंतर त्याचं अंग तापलं. कान ओढून ओढून रडायला लागला. सासूबाई म्हणाल्या, “दातांचाच आहे ताप. आमचे चारही असेच वाढले.” मायेनंच म्हणाल्या. पण ते शब्द मी आधी ऐकलेत, ताई. आपल्याच घरी, दारामागे उभी राहून. शाळेतून नुकती आले होते, दप्तर खांद्यालाच होतं. आई म्हणत होती, दातांचाच आहे. आणि तू फडकं ओलं करून…

जाऊ दे.

मी तुझा थर्मामीटर काढला. त्याच्या काखेत धरून बसले, ओठांवर देवाचं नाव. पारा एकशे तीनच्या वर. झटकून पुन्हा लावला, तरी तेवढाच. मग देवाला हात जोडायलासुद्धा थांबले नाही, चपला घातल्या.

“दळण टाकून येते,” असं ओरडून सांगितलं.

“पोराला काखोटीला मारून? आणि डबा गं?” सासूबाई बाहेर आल्या.

डबा होता तिथंच होता. मी दारात खांबासारखी. वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. त्या आत गेल्या, तू पाठवलेलं टोपडं घेऊन आल्या, त्याच्या कानांवर ओढून बांधलं आणि म्हणाल्या, “जा मग लवकर. गिरणी बंद होईल.”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कानात उजेड टाकून पाहिलं. म्हणाल्या, “कान आतून लाल झालाय. दातांनी अंग जरा कोमट होतं, असा ताप येत नाही. थांबला नाहीत, हे बरं केलंत.”

औषध चालू आहे. ताप उतरलाय, दूध पितोय. तरी माझा हात त्याच्या कपाळावरून निघत नाही. झोपला की छाती हलते का बघते, जागा असला की डोळे बघते. सासूबाई म्हणतात, “बघून बघून झिजवशील पोराला.”

पण ताई, खरी धास्ती वेगळीच आहे. डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य तुझ्या कानावर घालावं की नाही? याआधी एक पत्र लिहिलं आणि फाडलं. तुझ्या बाळाला दातांनी नेलं, असं आपण सगळे म्हणत आलो. त्यावरच तू इतकी वर्षं कशीबशी उभी आहेस, ती काठी मी कशी काढून घेऊ?

मग काल थर्मामीटर पुसून ठेवताना त्याची डबी नीट पाहिली. पुठ्ठा पिवळा पडलाय, किंमत खरवडलेली आहे, पण आतली कागदाची पट्टी मीच पहिल्यांदा फाडली होती. इतका जुना, आणि एकदाही न वापरलेला. तुझ्या बाळाच्या तापासाठीच आणलेला असणार.

म्हणजे त्याला दातांनी नेलं नाही, हे तुला ठाऊक होतं. मला लिहवत नव्हतं, तसंच तुलाही लिहवलं नाही. म्हणून तू तो पाठवलास.

आपल्याकडे तुझ्या बाळाचं नाव कुणी काढत नाही. तुला त्रास होईल, म्हणायची आई. मी आज काढते. मुंगळा. चिकटला की सोडायचा नाही म्हणून ठेवलेलं नाव. माझ्या वेणीला लोंबकळायचा, आठवतं? मुंगळ्याच्या वेळी ‘हे दातांचं नाही’ असं तू म्हणत होतीस का गं? आणि कुणी ऐकलं नाही?

कडं तसबिरीमागून काढून समोर ठेवलंय. ‘हे मुंगळादादाचं’ असं सांगून इन्स्पेक्टरच्या हातात देईन, पण तू हो म्हटल्यावर. रागावली असलीस तरी कळव. शब्द जड जात असतील तर कोरं कार्ड टाक, तुझ्या हातचा पत्ता वाचूनही मला धीर येईल. पण टाक, उलट टपाली टाक.

तुझीच,
दारामागे उभी होती ती धाकटी