माझ्या दगडावरच्या फोटोबाबत

मी, एर्सिलिया पालेस्तीनी, कै. नाझारेनो स्पिनोत्झी यांची विधवा, राहणार तोर्रेमारा, बंदराची मागची गल्ली, धंदा जाळी विणणे व सांधणे, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. शाळा तिसरीपर्यंत झाली, म्हणून अक्षराला कोणी हसू नये. कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणारा माणूस या गावात एकच होऊन गेला, त्याचे पुढे येईलच.

नोटरीबाई म्हणाल्या, हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मी म्हटले, मला लागतात. एकाच माणसाच्या सहीवर विसंबून आम्ही बायका एकदा बुडालो आहोत.

घर. माझे राहते घर, परसातल्या अंजिराच्या झाडासह, माझी एकुलती एक मुलगी ओर्नेला हिला जावे. कायदा म्हणतो, पोटच्या पोरीला निम्मी मिळकत द्यावीच लागते, आणि घराची किंमत तेवढी सहज भरते. तेव्हा हे कायद्याला हवे म्हणून, माझी हौस म्हणून नव्हे. कौले मागच्या वर्षी बदलून घेतली आहेत. गळत होती म्हणून बदलली, त्यात दुसरा अर्थ कोणी काढू नये. अंजिराच्या फांद्या दिराच्या, पाचिफिकोच्या, भिंतीवर जातात म्हणून तो तीस वर्षे भांडत आहे. माझ्या पश्चात त्याने ओर्नेलाशी भांडावे. तिला चांगले जमते.

मात्र नाझारेनोची खाट तिला नाही. त्या खाटेवर जावई कोर्रादो झोपलेला मला चालणार नाही. ती खाट नात जिल्दा हिने अंकोनाला न्यावी. माझ्या लाकडी सुया, सूत आणि वाकडी कात्रीही तिलाच. ती जाळी सांधत नाही, इस्पितळात माणसे शिवते. सुई ती सुईच.

आता बचत, आणि ती कोणाला व का.

नाझारेनो सदुसष्ट साली फेब्रुवारीत ‘स्तेल्ला’ बोटीबरोबर गेला. बोटीवरचे सगळेच गेले, कोणाचे शरीर मिळाले नाही. कोर्टकचेऱ्या होऊन आम्हा विधवांना भरपाई मिळेतो पोरे मोठी झाली. तो पैसा मी कधी खर्चला नाही. नवरा खर्चल्यासारखे वाटायचे.

कोर्रादो मच्छीमार सोसायटीचा हिशेबनीस. ओर्नेलाने त्याला पसंत केला, मी नाही. पण तो मला आई म्हणायचा, आणि बोलणे असे की ऐकणाऱ्याला आपणच शहाणे वाटावे. सत्त्याण्णव साली त्याने बंदरावर बर्फाचे गोदाम बांधायचे काढले. विधवांनी भरपाईचे पैसे घालायचे, मालकी सगळ्यांची, नफा दर नाताळाला. मी काचकूच केली तर म्हणाला, “आई, बर्फ कधी बुडतो का? तो तरंगतो.” मी हसले आणि सही केली. मी केली म्हणून नुन्त्सिआताने केली, तीही ‘स्तेल्ला’चीच विधवा, मग बाकीच्यांनी. गोदामाचे चार खांब उभे राहिले. अजून आहेत. कावळे बसतात.

नाताळ आला, नफा आला नाही. बायका दारात यायला लागल्या. मग एका सकाळी कोर्रादोची होडी धक्क्याबाहेर रिकामी सापडली, आत त्याचा कोट. गाव म्हणाले, लाजेने जीव दिला. पैसा कुठे गेला, हे विचारणे एका दिवसात बंद झाले. मेलेल्याला काय विचारणार? एव्हारिस्तो फादरांनी मिस्सा म्हटली आणि प्रवचनात सांगितले की समुद्राने एक सज्जन नेला. (चर्चला मी काही ठेवत नाही. त्या मिस्सेला लावलेल्या मेणबत्त्यांचे पैसे फादरांनी परत केले तर जिल्दाला द्यावेत.) आणि नुन्त्सिआता, जिचे सगळे गेले होते, माशाच्या रश्श्याचे पातेले घेऊन ओर्नेलाकडे गेली. उपाशी असेल पोर, म्हणाली. ओर्नेलाने तो रस्सा खाल्ला. पावाने पुसून खाल्ला. हे मी पाहिले आहे आणि विसरलेले नाही.

ठाणेदार बेल्त्रामे उत्तरेकडचे, आमच्यात नवीन. तेवढ्यांनाच ते बुडणे पटले नव्हते. माझ्या जाळ्यांच्या खोलीत येऊन ते पेटीवर बसायचे. म्हणायचे, “एर्सिलियाबाई, पैसा बँकांतून आधीच निघून गेलाय. माणूस नंतर बुडला. सहसा उलटं होतं. पण माझ्या हातात काही नाही.” मी म्हटले, माझ्या हातात जाळे आहे, तुम्ही जरा बाजूला सरका.

तेव्हा मला खरेच माहीत नव्हते. कळले ते दफनभूमीत. ओर्नेलाने दगड बसवला होता: संगमरवर, कोर्रादोचे नाव, तारीख, दिवा, सगळे झोकात. फोटो मात्र नाही. चिनीमातीवर भाजलेल्या फोटोसाठी कोरलेली गोल जागा रिकामी. मी विचारले तर म्हणाली, भट्टीवाला आजारी आहे. मग म्हणाली, चांगला फोटो सापडत नाही. मग म्हणाली, कोर्रादोला फोटो आवडत नसत. ज्या माणसाला आरशासमोरून ओढून काढावे लागे, त्याला.

आमच्याकडे जिवंत माणसाचा फोटो दगडावर लावत नाहीत. लावला तर वर्ष उलटायच्या आत समुद्र त्याला नेतो. नाझारेनोचे शरीर मिळाले नव्हते, म्हणून त्याचा फोटो मी किती दिवस लावला नाही. कुठे तरी जिवंत असला तर माझ्या हाताने मरायचा. शेवटी कोणाच्या तरी जाळ्यात त्याचा बूट आला. मी विणलेला मोजा आत होता. तेव्हा लावला. लावताना ओर्नेला माझा झगा धरून उभी होती आणि का इतके दिवस थांबलो हे मीच तिला सांगितले होते. माझ्या पोरीने काळे कपडे घातले, मिस्सेत रडली, फुकटचा रस्सा जेवली. पण एवढे तिला करवेना.

मी तिच्या लग्नाच्या फोटोतून कोर्रादो कापून काढला आणि भट्टीवाल्याकडे नेला. तो ठणठणीत होता. मग ठाण्यावर गेले. बेल्त्रामेंना म्हटले, दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळे गाव दफनभूमीत असते, तुम्हीही या, फुले आणा, आणि माझ्याजवळ उभे राहा.

शेवंती घेऊन सगळ्या विधवा आल्या होत्या. मी पिशवीतून फोटो काढला. ओर्नेलाने माझे मनगट धरले.

“आई, नको.”

“का गं? दगड ओकाबोका दिसतो.”

“पाया पडते तुझ्या. लावू नकोस.”

“मेलेल्याला काय होणार आहे?”

नुन्त्सिआता मागून म्हणाली, “लावू दे ना गं पोरी, आम्ही सगळ्यांनी लावलेत.” बिचारीला काही ठाऊक नव्हते. मी फोटो त्या गोल जागेशी नेला. ओर्नेला दगडावर आडवी पडली.

“आहे तो, आई. आहे.”

बेल्त्रामेंनी हातातली टोपी डोक्यावर घातली.

तो समुद्रापलीकडे, समोरच्या किनाऱ्यावर सापडला, भाड्याच्या खोलीत, दाढी वाढवून. पैशातले थोडेफार परत आले, बाकीचे वकिलांनी खाल्ले. कोर्रादो आत गेला. ओर्नेलाला कोर्टाने सोडले. मी सोडले नाही. सामान घेऊन जाताना ती दारात म्हणाली, “तू माझा नवरा विकलास.”

मी म्हटले, “तुझ्या नवऱ्यानं माझा विकला. आणि वर त्याचं बुडणंही चोरलं.”

त्यानंतर ती आली नाही. कोर्रादो सुटला, दोघे पेस्कारात राहतात, जिल्दा सांगते. मी विचारत नाही, ती सांगते. परत तीच वेळ आली तर मी परत तेच करीन. हे लिहून ठेवते, म्हणजे माझ्या मागे कोणी माझ्या नावाने पश्चात्ताप करत बसू नये.

म्हणून: टपाल कचेरीतली माझी सगळी बचत नुन्त्सिआता मेर्लीनी आणि ‘स्तेल्ला’च्या हयात विधवांना समान वाटावी. माझ्या सहीमागून त्यांनी सही केली होती. ओर्नेलाने यावर हक्क सांगू नये. रश्श्याचे मोठे पातेलेही नुन्त्सिआताला. यापुढे तिने ते कोणाच्या घरी न्यावे, हा तिचा प्रश्न.

कोर्रादोचा तो फोटो फडताळात वरच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेला आहे. तो ओर्नेलाला. पैसे भरलेले आहेत, वेळ येईल तेव्हा वापरावा. कापताना घाई झाली, त्यामुळे कडेला तिच्या लग्नाच्या ओढणीचा तुकडा राहिला आहे.

माझ्या मृत्यूची सूचना भिंतींवर लागेल, तीत दुःखाने कळवणाऱ्यांमध्ये पहिले नाव ओर्नेलाचे छापावे. तिला विचारू नये. नको असेल तर तिने स्वतः येऊन फाडावे.

मला नाझारेनोच्या दगडाखाली ठेवावे. तिथे जागा आहेच, तो कधी आलाच नाही. त्याच्या फोटोशेजारी माझ्यासाठी गोल जागा कोरून ठेवलेली आहे. माझा फोटो भाजून तयार आहे आणि नुन्त्सिआताकडे आहे. तो जिल्दाने लावू नये, फादरांनी लावू नये, पालिकेने लावू नये. ओर्नेलाने येऊन स्वतःच्या हाताने लावावा. ती येईतो जागा रिकामी ठेवावी आणि गावाने म्हातारी अजून जिवंत आहे असे समजावे. लावायचे कसे, हे तिला माहीत आहे.

वर लिहिले ते मी पुन्हा वाचले. खाडाखोड नाही. जिथे हात थांबला तिथे गुडघा दुखत होता.

तोर्रेमारा, ता. १९ ऑक्टोबर २००९

एर्सिलिया पालेस्तीनी

साक्षीदार:

तुल्लिओ बेल्त्रामे, निवृत्त ठाणेदार. माझ्यासमोर सही केली.

नुन्त्सिआता मेर्लीनी, ‘स्तेल्ला’ची विधवा. फोटो माझ्याकडे आहे. मी हिच्यापेक्षा वयाने मोठी आहे, हे हिला सांगितले. ऐकत नाही.