अकराव्या मजल्यावर न थांबणारी लिफ्ट

क्लीव्हलँड, सोमवार

सौ. अल्बिनाताईस,

धाकट्या सिरिलचा नमस्कार. तो वाकून केला असं समज. माझ्या नव्या घरात वाकलं की डोकं फ्रिजच्या दाराला लागतं. तुझा गुडघा आता कसा आहे? ड्वेन भाऊजींची साखर आणि जीभ, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो (दुसरीबद्दल फारशी नाही). मी खुशाल आहे. हे वाक्य पत्राच्या शेवटापर्यंत टिकेल याची खात्री नाही, म्हणून आधीच लिहून टाकलं.

ताई, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे, आणि या शहरात त्याची दाद घेणारं कोणी नाही. आमच्या इमारतीची लिफ्ट चौदाव्या मजल्यावरून निघते आणि मध्ये कुठेही न थांबता सरळ खाली जाते. तू म्हणशील, मग लिफ्टने आणखी काय करायचं असतं? हेच मला खाली इमारतीच्या ऑफिसात बसणारी कायली म्हणाली. ती पोरगी पाणीसुद्धा पिते ते कंपनीच्या धोरणानुसार. तिने माझी तक्रार दोनदा ऐकून घेतली आणि विचारलं, "सर, म्हणजे लिफ्ट नीट चालते, ही तुमची तक्रार आहे का?" होय, हीच माझी तक्रार आहे. ती अकराव्या मजल्यावर थांबायची, आता थांबत नाही, आणि त्या भीतीने मला जेवण जात नाही.

हे तुला समजायचं तर मला ईस्टरच्या जेवणापर्यंत मागे जावं लागेल. तूच हॅम कापत होतीस. भाऊजींनी तुमच्या कोलंबसच्या लोकसंख्येचा नवा आकडा वाचून दाखवला (लोक जेवणाआधी प्रार्थना म्हणतात, तुमच्याकडे आकडे म्हणतात) आणि मला विचारलं, "काय रे सिरिल, तुमच्या गावातला शेवटचा माणूस निघाला की दिवा कोण मालवणार? की त्यालाही माणूस आम्हीच पाठवायचा?" मी म्हणालो, तुमचं शहर वाढत नाही भाऊजी, नुसता पट्टा सैल करतं. दिसलं सोयाबीनचं शेत की घेतलं हद्दीत. आता तुम्ही राहता त्या कॉलनीला ओकवृक्षांचं नाव आहे आणि तिथलं सगळ्यात उंच झाड म्हणजे टपालपेटीचा खांब. सगळे हसले. मग ते शांतपणे म्हणाले, "ते जाऊ दे. तू स्वतः कुठे राहतोस? पार्मात. म्हणजे उपनगरात. तुझ्या लाडक्या डाउनटाउनमध्ये राहतं कोण, कबुतरं?" ताई, त्या वेळी तू मला पाय मारला असतास मेजाखालून, तर मी आज माझ्या बंगल्यात असतो. पण तू बटाटे वाढत होतीस, आणि मी साऱ्या खानदानासमोर बोलून गेलो की उद्याच भर शहरात घर घेतो.

पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं. बंगला विकला, रोझमेरीने संसारभर जपलेले गुलाब परक्याच्या ताब्यात दिले, आणि साप्ताहिकातल्या माझ्या कॉलमात "शहर परत आलं" असा मथळा देऊन छाती फुगवली. आता जे कॉलमात नाही ते सांगतो. ही इमारत पूर्वी एका विमा कंपनीची होती. कारकून गेले, टेबलं गेली, आणि मध्ये भिंती घालून त्याची घरं केली. सरकारकडून जुन्या वास्तूसाठीची करसवलत घेतली असल्यामुळे जुन्या दारांना हात लावता येत नाही. माझ्या झोपायच्या खोलीच्या दुधी काचेवर सोनेरी अक्षरांत लिहिलं आहे: "मृत्युदावे". खोलीला खिडकी नाही, कारण कारकुनांना खिडकी लागत नसे. त्या दारामागे मी रोज अंथरूण घालतो. मजला चौदावा म्हणतात, पण लिफ्टमध्ये बाराच्या बटणानंतर एकदम चौदा येतं, म्हणजे मी राहतो तेराव्यावरच. (हे मला भाऊजींनी फोनवर दाखवून दिलं आणि तेव्हापासून मी जिन्याच्या पायऱ्या मोजत नाही.)

पण खरी भीती शांततेची. कायली म्हणते, इमारत जवळजवळ भरली आहे. संध्याकाळी बाहेरून पाहिलं तर खरंच सगळ्या खिडक्यांत दिवे असतात. फक्त ते सगळे एकाच क्षणी लागतात आणि एकाच क्षणी विझतात, आणि त्यांच्या मागे कधी कोणी पडदा ओढताना दिसत नाही. कॉरिडॉरमध्ये कुणाच्या जेवणाचा वास नाही, कुणाचं भांडण नाही. आणि रोज सकाळी मी खाली निघालो की लिफ्ट अकराव्यावर थांबायची. दार उघडायचं. समोर अंधारा कॉरिडॉर, कोणी नाही. दार मिटायचं. कुणीतरी बटण दाबलं होतं, एवढं नक्की. चार-पाच सकाळी मी स्वतःला समजावलं. मग माझी जुनी बेसबॉलची बॅट घेऊन लिफ्टमध्ये उभा राहू लागलो. कॉफी आणायला जाणारा माणूस बॅट घेऊन का जातो, हे कायलीने विचारलं नाही. तसं धोरण असावं.

शेवटी एके सकाळी दार उघडलं तर समोर एक बाई, सत्तरी पार केलेली, अंगात जांभळा गाऊन आणि हातात लोखंडी तवा. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही खरे आहात, की कंपनीचे?"

मी खरा असल्याचं सांगितलं. "मग ती बॅट कशाला?" मी म्हणालो, अकराव्यावर कोणीतरी बटण दाबून लपतं म्हणून. ती म्हणाली, "लपू नको तर काय करू? दार उघडलं की बॅटवाला माणूस. आणि मला तर सांगितलंय वर कायमचं कोणी राहत नाही." म्हणजे महिनाभर ती माझ्या भीतीने भिंतीआड जात होती आणि ती भिंतीआड गेल्यामुळे मी बॅट घेत होतो. तिचं नाव वर्डेल पेटवे. याच विमा कंपनीत, याच अकराव्या मजल्यावर ती टायपिस्ट होती. "तेव्हा इथे बसायचे मला पैसे मिळायचे," ती म्हणाली, "आता मी देते. याला प्रगती म्हणतात, बाळ." (पन्नाशी ओलांडल्यावर मला बाळ म्हणणारी ती एकटीच. तू मला ज्या नावांनी हाक मारतेस ती इथे लिहीत नाही.)

त्या दिवसापासून आमचा एक नेम ठरला, न ठरवता. रोज सकाळी लिफ्ट अकराव्यावर थांबायची, गाऊनमधली वर्डेलबाई विचारायची, "अजून आहात?" मी म्हणायचो, "आहे. तुम्ही?" "दिसत नाही का? मग जा. टोपी घाला." दार मिटायचं. बस, एवढंच. मी मात्र दिवसभर शिरगणती झाल्यासारखा ताठ चालायचो. एकदा तिने काचेच्या भांड्यात नूडल्स आणि ट्यूना मासा ओव्हनमध्ये भाजून केलेलं कॅसरोल दिलं, वर चुरलेले बटाट्याचे वेफर्स, अगदी आपली आई करायची तसं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि त्यावर तिचं नाव. तू जाणतेस, अशी भांडी रिकामी परत करत नाहीत, म्हणून मी धुऊन ठेवलं आणि काही बरं करता येईल त्या दिवसाची वाट पाहत राहिलो.

मागच्या सोमवारी लिफ्ट थांबली नाही. मी फोनवर बेसबॉलचा निकाल वाचत होतो, खाली पोचल्यावर लक्षात आलं. पुन्हा अकराव्यावर गेलो. तिचं दार ठोकलं. आतून नळाचा आवाज येत होता आणि दुसरा कसलाच नाही. ताई, मी असा कधी घाबरलो नव्हतो, रोझमेरी गेली तेव्हाही नाही, कारण तेव्हा शेजारी तू होतीस. खाली धावलो, तर कायली म्हणाली, रहिवाशाच्या दाराला एक दिवसाची आगाऊ सूचना दिल्याशिवाय किल्ली लावता येत नाही, खाजगीपणाचा प्रश्न आहे. मी म्हटलं, ठीक. आणि भिंतीवरचा आगीच्या घंटेचा लाल दांडा खाली ओढला.

इमारतीत खरोखर किती माणसं आहेत ते मला त्या दिवशी कळलं. पंचवीस-तीस जण बाहेर फुटपाथवर जमले. सगळे रविवारच्या फुटबॉल सामन्याला आलेले, कुणी टॉवेलमध्ये, कुणी संघाच्या जर्सीत, प्रत्येकाकडे चाकांची बॅग. इमारतीची कंपनी घरं एकेका रात्रीच्या भाड्याने देते, आणि तेच आमचे रहिवासी; रिकाम्या घरांतले दिवे घड्याळ लावून पेटवतात. एकजण मला म्हणाला, "छान शहर आहे तुमचं, पण गर्दी फार." मी ती सगळी तोंडं एक एक करून पाहिली. वर्डेलबाई त्यांत नव्हती.

आगवाल्यांनी दार फोडलं. ती न्हाणीघरात पडली होती, खुबा मोडला होता, शुद्धीवर होती. स्ट्रेचरवरून खाली आणली तेव्हा मी नुसती तिची चादर सारखी करत राहिलो. तीच वैतागून म्हणाली, "विचारा की."

मी विचारलं, "अजून आहात?"

"आहे. मग जा. आणि टोपी घाला."

आता तिची मुलगी तिला आपल्याकडे घेऊन गेली आहे. इमारतीने मला खोट्या आगीबद्दल कडक शब्दांत समज दिली. आणि लिफ्ट सरळ खाली जाते. गेल्या तीन सकाळी मीच अकराचं बटण दाबतो आहे. दार उघडतं, समोर अंधारा कॉरिडॉर असतो, मी "आहे" म्हणतो, दार मिटतं. कायलीने कॅमेऱ्यात पाहून विचारलं, सर कोणाशी बोलता. मी म्हटलं, धोरणात बसतं का ते बघून सांग.

पोरांना आशीर्वाद, कुत्र्याला थोपट.

तुझा,
सिरिल

ता. क. हे पत्र भाऊजींना वाचून दाखवू नकोस. त्यांनी विचारलंच तर सांग, इमारत खच्चून भरली आहे, लिफ्टमध्ये उभं राहायला जागा नसते.

पुन्हा ता. क. सांगच त्यांना. वर्डेलबाईची मुलगी कोलंबसला राहते, तुमच्याच बाजूला, कुठल्याशा न वाहणाऱ्या ओढ्याच्या नावाच्या कॉलनीत. तेव्हा त्यांच्या शहराची लोकसंख्या एकाने वाढली आहे, आणि या वेळी कुणाचं शेत न गिळता. आमची एकाने घटली. दांडा मीच ओढला. पुन्हा ओढेन.

आणखी एक. माझं भाडं बँकेतून आपोआप जातं. म्हणजे उद्या "मृत्युदावे"च्या दारामागे मला काही झालं, तर खात्यात पैसे असेपर्यंत मी क्लीव्हलँडचा समाधानी रहिवासी म्हणून मोजला जाईन. माझ्या गावाचा आकडा चढता राहावा असं मला वाटतं, पण इतकं नाही. तेव्हा, ताई, रोज सकाळी कॉफी ठेवलीस की मला एक फोन कर. बोलायला काही नको. "अजून आहेस?" एवढं विचार आणि ठेव. मी उचलला नाही, तर कायलीला फोन करू नकोस, आगवाल्यांना कर.

शेवटचं. या पत्राबरोबर खोकं आहे, जपून उघड. आत काचेचं भांडं आहे, ते वर्डेलबाईला नेऊन दे. पत्ता झाकणावर लिहिला आहे. आईच्या पद्धतीने पिठात अक्रोडाचं सारण गुंडाळून पोतित्सा भाजली, एका बाजूने जरा करपली आहे, ती बाजू खाली ठेवली आहे. बुडाच्या चिकटपट्टीवरचं नाव धुऊन धुऊन पुसट झालं होतं. ते मी पेनने पुन्हा गिरवलं.