नाव बदलून चालवा

शनिवार, ३१ जानेवारी २००९

आजपासून रोज संध्याकाळी कॉम्प्युटरची निगा राखायची. दात घासतो तसे. न चुकता.

निमित्त असे की सकाळी स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल ढाल आली. 'तुमचा कॉम्प्युटर संकटात आहे. तपासणीसाठी येथे क्लिक करा.' दुसरा कोणी क्लिक करून मोकळा झाला असता. मी आधी अख्खा लायसन्स करार वाचला. इंग्रजी सदोष. दोन ठिकाणी 'द' गळलेला, एके ठिकाणी अनेकवचन चुकलेले. इतकी वर्षे सॉफ्टवेअरची माहितीपुस्तके लिहितो आहे, डोळ्याला खुपणारच. कंपनीला दुरुस्त्या कळवाव्यात असे मनात आहे. मग 'आय ॲग्री' केले.

तपासणीत शेकडो धोके सापडले. वेळीच लक्ष दिले म्हणून बरे.

सुमेधाचा कराडहून फोन. आईचे वर्षश्राद्ध माघ वद्य दशमीला, म्हणजे १९ फेब्रुवारीला. जेवणे झाल्यावर सगळ्यांना आईचा आवाज ऐकवायचा आहे. २००७च्या उन्हाळ्यात आई इथे इंग्लंडात, मेडनहेडला आली होती, तेव्हा मी या कॉम्प्युटरवर तिची मुलाखत रेकॉर्ड केली होती. चांगली पाऊण तासाची, जन्मापासूनची. इथल्या महाराष्ट्र मंडळातला श्रीकांत १५ तारखेला पुण्याला चालला आहे, त्याच्याबरोबर सीडी पाठवतो म्हटले.

सुमेधा म्हणाली, "दादा, नीट ठेवलंयस ना रे? तेवढाच आवाज उरलाय तिचा."

तीन ठिकाणी आहे, असे सांगितले. डेस्कटॉपवर, माय डॉक्युमेंट्समध्ये, आणि 'बॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये. तिन्ही याच कॉम्प्युटरवर, त्यामुळे शोधायलाही सोपे.

आई गेल्यापासून मी ते ऐकलेले नाही. सारखे वाजवले की झिजते. डिजिटल फाइल झिजत नाही हे मला माहीत आहे. तरी.

रविवार, १ फेब्रुवारी

लाल ढाल गेली नाही. आता दोन आहेत.

आपला नेहमीचा अँटिव्हायरस उघडला. उघडला आणि मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. डोळे उघडू पाहणाऱ्या माणसाच्या पापण्या कोणी हाताने खाली ओढाव्यात तसे.

सुलक्षणाला दाखवले. ती हॉस्पिटलात भूल देते, त्यामुळे तिला असल्या गोष्टींचे नवल वाटत नाही. म्हणाली, "शेखर, माझे पेशंट निदान न वाचता सही करतात. सगळा करार वाचून, वर व्याकरण तपासून विष घेणारा तूच पहिला."

'विष' हा शब्द तिने घाईने वापरला. अजून काहीच सिद्ध झालेले नाही. आर्याही गाणी डाउनलोड करते. मुलीवर आळ घ्यायचा नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

सोमवार, २ फेब्रुवारी

बाहेर फूटभर बर्फ. गाड्या बंद, ऑफिस बंद, शाळा बंद. सुलक्षणा चालत हॉस्पिटलला गेली, आर्या मैत्रिणींबरोबर पार्कात. घरात मी एकटा. रस्त्यावर आवाज म्हणून नाही.

दुपारी खाली चहा गाळत होतो. वरच्या खोलीतून बाईचा आवाज आला. "हॅलो?"

गाळणे हातात घेऊनच वर गेलो. कोणी नव्हते. कॉम्प्युटर चालू, स्पीकरचा बारीक हिरवा दिवा चालू.

आई असेच म्हणायची. माइकसमोर बसवली तरी तिच्या लेखी तो फोनच. दर वाक्याआधी हॅलो.

मी विज्ञानाचा पदवीधर आहे. स्पीकरची पिन काढून ठेवली. जिन्यावर चहाचे थेंब पडलेत, ते पुसायचे आहेत.

बुधवार, ४ फेब्रुवारी

शिस्तीत जायचे ठरवले. अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट उघडत नाहीत. बाकी सगळे जग उघडते. हवामान, क्रिकेट, कराडचे पेपर. फक्त जिथे मदत मिळेल तेवढे पान येत नाही. सेफ मोडमध्ये जाऊ म्हटले तर स्क्रीन काळी होऊन मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. ऑफिसातून दुसरा प्रोग्रॅम सीडीवर आणला. उघडला. मिटला. आत कोणीतरी दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला निरखत असावे असे वाटते. हे वाक्य शास्त्रीय नाही.

आईची फाइल तरी आधी काढून घ्यावी म्हणून फोल्डर उघडले.

रिकामे.

डेस्कटॉप रिकामा. 'बॅकअप' रिकामे.

जेवलो नाही. सुलक्षणाला ॲसिडिटी म्हणून सांगितले.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सुमेधाचा फोन. सीडी झाली का? शेवटचा हात फिरवतो आहे म्हटले. खोटे नव्हे. हात माऊसवर होताच.

कॉम्प्युटर घेऊन हाय स्ट्रीटवरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, सगळे पुसून टाकू, नव्याने भरू. मी विचारले, पुसायचे म्हणजे जे दिसत नाही तेही पुसले जाईल का? त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. म्हणाला, ऑल ऑफ इट, मेट.

परत घेऊन आलो. बसमध्ये डबा मांडीवर. समोरच्या म्हातारीने विचारले, आत मांजर आहे का.

शनिवार, ७ फेब्रुवारी

धैर्य करून स्पीकरची पिन लावली. थोड्या वेळाने आलाच. "हॅलो?"

आर्या खोलीत होती. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तिलाही ऐकू आले का, हे न विचारता कळावे म्हणून.

ती म्हणाली, "बाबा, तो ॲड आहे. हिडन विंडोमध्ये चालतो. 'हॅलो, यू हॅव वन अ प्राइझ.' तो व्हायरसच लावते."

तिने लपलेली खिडकी शोधून दाखवली. एक पिवळा हसरा चेहरा, तोंड उघडे.

हायसे वाटले. फार नाही.

आर्या पुढे म्हणाली, "आणि मी स्कूलच्या लायब्ररीत फोरम वाचली. तो प्रोग्रॅमला नावाने मारतो, बाबा. त्याच्याकडे लिस्ट आहे. नाव लिस्टमध्ये असला की किल. तू दुसरी नाव दे. समथिंग स्टुपिड."

तिचे लिंग-वचन सुधारले. उद्या करून पाहू.

रविवार, ८ फेब्रुवारी

फाइलचे नाव तिच्या कामाशी सुसंगत असावे, हा माझ्या व्यवसायाचा पहिला नियम. स्टुपिड नाव देणार नाही.

अँटिव्हायरसला 'सिक्युरिटी न्यू' असे नाव दिले. मिटला. 'व्हायरस क्लीनर फायनल' दिले. मिटला. 'अँटिव्हायरस चंद्रशेखर' दिले. हा तर उघडायच्या आतच मिटला.

आर्या मागे टोस्ट खात उभी होती. म्हणाली, "बाबा, तू लपतोयस आणि हातात बोर्ड धरलायस."

बुधवार, ११ फेब्रुवारी

सुमेधाला खरे सांगितले. म्हणजे तांत्रिक अडचण आहे असे सांगितले.  तिकडे कुकरची शिट्टी झाली, ती ऐकली. मग म्हणाली, "म्हणजे आई परत गेली."

मी म्हटले, असे बोलू नकोस, आत असेल. पण शोधायला ज्याला आत पाठवतो त्याला हा व्हायरस नाव वाचून मारतो.

"नाव वाचून?" ती म्हणाली. "मग दादा, तुला कोणी शिकवायला हवं का? तुझ्या आधीची दोघं गेली. चांगली देखणी नावं होती म्हणे त्यांची, आई कधी उच्चारायची नाही. म्हणून तर तुझं धोंडू ठेवलं. दगडधोंडा कोण उचलून नेतो? चंद्रशेखर तू शाळेच्या दाखल्यावर झालास."

मी म्हटले, ही अंधश्रद्धा आहे.

"असू दे," ती म्हणाली. "पण तू आहेस ना?"

उत्तर उद्या कळवतो म्हटले.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

हे नाव आर्याला माहीत नाही. आई इथे यायच्या आधी मी तिला फोनवरच सांगितले होते, आर्यासमोर चंद्रशेखर म्हण. आई बरं म्हणाली. आणि आल्यावर मला नावाने हाक मारणेच तिने सोडले. परत जाईपर्यंत. नुसते "अरे". व्यवस्था सोयीची होती. कोणाचीच तक्रार नव्हती.

त्या दोघांची नावे मलाही माहीत नाहीत. मुलाखतीत विचारली असणार. मी सगळे पद्धतशीर विचारतो. रेकॉर्डिंगमध्ये असतीलच.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

ऑफिसात दिवसभर एक माहितीपुस्तक तपासत होतो. 'समस्या कायम राहिल्यास ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिले असेल. ॲडमिनिस्ट्रेटर कोण, हे कधी लिहिले नाही.

घरी येऊन कॉम्प्युटर लावला. स्क्रीनवर येते: ॲडमिनिस्ट्रेटर, चंद्रशेखर.

शनिवार, १४ फेब्रुवारी

श्रीकांत उद्या दुपारी निघणार.

दार लावून घेतले आणि प्रोग्रॅमचे नाव 'धोंडू' केले. केवळ प्रयोग म्हणून. हे चालणार नाही एवढे एकदा सिद्ध झाले की सुमेधाला कळवता येईल. क्लिक केले.

उघडला. मी मिटायची वाट पाहिली. मिटला नाही.

टास्क मॅनेजरमध्ये इंग्रजी नावांची रांग, आणि मधेच एक धोंडू. आत जे कोणी बसले होते त्याने यादी चाळली आणि धोंड्याला ओलांडून पुढे गेले.



संध्याकाळपर्यंत चालला. ढाली गेल्या. पिवळा चेहरा गेला. फोल्डर उघडले तर आईची फाइल जागेवर. ती कुठे गेलीच नव्हती. नुसती दिसेनाशी केली होती.

आर्या स्क्रीनवर वाकून म्हणाली, "हू इज धोंडू?"

जुने सॉफ्टवेअर आहे, म्हटले. इंडियन.

सुलक्षणा दारात उभी होती. म्हणाली, "फार जुनं. अपडेट होत नाही."

रविवार, १५ फेब्रुवारी, सकाळी

सीडी केली. पाठवण्याआधी तपासणे भाग होते.

पाऊण तासच आहे. बहुतेक माझा आवाज. "आई, माइक लांब धर. एवढा लांब नको. बांगड्या वाजतायत, काढून ठेव. आता परत, सुरुवातीपासून." मधून मधून आई. "हॅलो? हॅलो?" मी म्हणतो, "हॅलो नको म्हणूस, हा फोन नाही." ती विचारते, "मग पलीकडे कोण ऐकतंय?" मी म्हणतो, "कोणी नाही, तू बोल."

पूर्ण नाव सांग म्हटले तर म्हणते, "धोंडूची आई."

"तसं नाही. नीट सांग. परत."

एके ठिकाणी ती आपण होऊन म्हणते, "तुझ्या आधी दोघं होती. थोरल्याचं नाव..." आणि मी म्हणतो, "एक मिनिट आई, लेव्हल लाल होतेय."

मग बराच वेळ खरखर. मग ती म्हणते, "तुझं होऊ दे आधी." त्यानंतर शेवटपर्यंत हॅलोच.

लेव्हल लाल होत होती हे खरेच आहे. तशी सोडली असती तर आवाज फाटला असता.

माझा आवाज कापून टाकावा असे ठरवले. कापून पाहिले. नुसते हॅलो उरले, एकामागून एक, मधे कोणी उत्तर न देता. ते ऐकवेना. होते तसे पूर्ण पाठवले. श्रीकांत गेला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सुमेधाचा फोन. श्राद्ध नीट पार पडले. जेवणानंतर सीडी लावली. दर हॅलोला गोदूमावशी स्पीकरकडे वळून म्हणे, "बोल गं, ऐकतेय." पहिल्यांदा सगळे हसले. मग सगळेच म्हणायला लागले.

मधे कोणी तरी विचारले, हा सारखा ओरडणारा साहेब कोण? सुमेधाने सांगितले, चंद्रशेखर. कोणाला संदर्भ लागेना. मग ती म्हणाली, आपला धोंडू. मावशी म्हणाली, "अगं, मग तसं सांग की. मला वाटलं बँकेतलं कोणी."

मी सुमेधाला म्हटले, मावशीला त्या दोघांची नावे माहीत असतील, विचार. तिने विचारलेही होते. मावशीने नुसती मान हलवली. म्हणाली, "नावं घेतली नाहीत म्हणून तर हा राहिला."

रविवार, २२ फेब्रुवारी

दर रविवारी खरा बॅकअप घ्यायचा. वेगळ्या डिस्कवर. लाल ढाल दिसली तर करारसुद्धा वाचायचा नाही. मावशीला स्वतः फोन करायचा. आर्याला सगळे नीट सांगायचे, सवडीने, ईस्टरच्या सुट्टीत.

कॉम्प्युटर आता पूर्ण बरा झाला आहे. तेव्हा आडनिड्या नावाची गरज उरलेली नाही. प्रोग्रॅमला त्याचे मूळ, योग्य नाव परत दिले.

उघडला. मिटला.

पुन्हा क्लिक केले. मिटला.

धोंडू केले. चालू.