दोन झटपट, एक उशिरा

दिवस पहिला

निघालो एकदाचा! पंप दुरुस्त करणारा गडी चंद्राला निघाला म्हणून गल्ली हसली होती, हसो बापडी. नळीला कान लावून बिघाड सांगतो, त्या कानांनीच इथवर आणलं. उड्डाणात छातीवर रेडा बसला होता. मग वजनच गेलं आणि पेन्सिल नाकापुढे तरंगायला लागली. आम्ही तिघं: कप्तान, डॉक्टरीणबाई आणि मी, म्हणजे या दोघांचा ‘मिस्त्री’. लेकीचे दिवस भरत आलेत. आजोबा पोचेपर्यंत बाळ कळ काढेल, अशी बाईंनी हमी दिलीय.

दिवस दुसरा

पृथ्वीभोवतीचे फेरे संपले, इंजिन पेटवून चंद्राची वाट धरली. इथली एक रीत आहे: बंद दारापलीकडून तीन टकटक आल्याशिवाय कडी काढायची नाही, रेडिओ काहीही सांगो. कप्तानाच्या तिन्ही टकटक सारख्या, घणाच्या. बाईंच्या दोन झटपट, तिसरी उशिरा. तिसरी टपालानं येते का, असं मी विचारलं. घाईत बिघडलेलं शेवटी माझ्याकडेच येतं, म्हणाल्या.

दिवस चौथा

चंद्राभोवती फिरतोय. उद्या ती दोघं छोट्या यानातून खाली उतरणार. त्याला आम्ही होडी म्हणतो. मी वरच.

कानांवर आलं ते लिहितो. कप्तानाच्या हृदयात बाईंना खोट सापडलीय. परतल्यावर तसं लिहून देणार म्हणाल्या. म्हणजे त्याचं उडणं कायमचं बंद. तो हसला. फुटायच्या आधी नळी तशी हसते.

दिवस पाचवा

उतरले! रेडिओवर दोन श्वास ऐकत बसलो होतो. चंद्रामागं गेलो की आवाज तुटतो. पुढं आलो तेव्हा श्वास एकच.

होडीत परतल्यावर बाई एकाएकी कोसळल्या, हृदय थांबलं, असं कप्तान म्हणाला. दुसऱ्यांची हृदयं तपासणाऱ्या बाई. मी रडलो. इथं अश्रू खाली पडत नाहीत, डोळ्यांवरच साचतात.

दिवस सहावा

होडी वर आली, आमच्या यानाला जुळली. टकटक आली. दोन झटपट, एक उशिरा.

मी आनंदानं कडीकडं झेपावलो. पलीकडं धप्प आवाज झाला. मी कडी काढली. कप्तान एकटाच आत आला आणि त्यानं पाठीमागं दार लावून घेतलं. गालावर नखांचे चार ओरखडे, ओले. प्रेत होडीतच राहू दे, होडी सोडायचा खटका ओढ, असा हुकूम दिला.

आणि मी ओढला. हुकूम ऐकायची सवय, दुसरं काय. खटका सुटता सुटता पत्र्यातून पुन्हा आलं: दोन झटपट. तिसरीच्या आत होडी सुटली होती.

दिवस सातवा

परतीची वाट. दारावर टकटक. दारापलीकडं काही नाही. पोकळी आहे.

कप्तानालाही ऐकू येतं. पांढरा पडला. दोनदा मारली मी तिला, म्हणाला. एकदा खाली, एकदा दारात. आता कोण ठोकतंय?

मग माझ्याकडं बघत राहिला. साक्षीदार मी एकटाच.

दिवस आठवा

हातोडी घेऊन आला. माझा डावा हात मोडला. मी पान्यानं— एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गरज नव्हती, तरी मारला. रक्ताचे गोळे तरंगतायत, लहान-मोठे. श्वास घेतला की तोंडात येतात.

खुर्चीला बांधलाय त्याला. डोकं हलतं. मेलाय. मीच पाहिलंय.

टकटक थांबत नाही. कानात बोळे घातले. हाडांतून येते—

दिवस दहावा

आगीतून आलो. पॅराशूट उघडली. पाण्यावर डुलतोय. वजन परत आलं— सगळं रक्त एकदम खाली कोसळलं, माझ्यावर—

रेडिओ सांगतो, मुलगी झाली. नात! दोघी सुखरूप. रडू येतं— अश्रू खाली पडतात.

म्हणतात बोट अजून तासभर लांब आहे. आली की पाणबुडे तीनदा ठोकतील, तेव्हा कडी काढा.

तासभर.

दारावर आत्ताच—

दोन. झटपट.

मी कडी धरून ठेवलीय. चांगल्या हातानं. ती फिरतेय. बाई, मला ठाऊक नव्हतं. नात झालीय हो, एकदा बघू तरी—

तिसरी अजून—