आमच्या फिल्मला बासरी लावू नये

मी, खाली सही करणारी, तयार कपड्यांच्या कारखान्यातली जुनी शिलाई कामगार, वय ऐंशीच्या घरात, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शाळा दुसरीपर्यंतच झाली, तेव्हा वकीलसाहेबांनी शुद्धलेखन सुधारावं, मजकुराला हात लावू नये.

दोन्ही खोल्या मुलाला. तो मधली भिंत पाडणार हे मला माहीत आहे. पाड बाबा, पण आधी मला जाऊ दे. शिलाई मशीन सुनेला. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, मशीनवर फुलदाणी ठेवील. ठेवू दे, तेवढीच शोभा.

आता खरी इस्टेट. कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर बसणारी मैत्रीण लेकीमागोमाग परदेशी गेली. फोनवर "बरी आहेस ना, जेवलीस का" याचा दोघींनाही वीट आला, म्हणून आम्ही फिल्म काढायला लागलो. चित्र माझ्या घरातलं, आवाज तिच्या घरातला. माझी नात दोन्ही जोडून देते. माझी रिकामी खुर्ची दिसते आणि तिचं खोकणं, भांडी आपटणं, जावयाला शिव्या घालणं ऐकू येतं. वाटतं, बाई आत्ताच उठून आत गेली. आम्ही हसून हसून बेजार, ते हसणंही नातीने फिल्ममध्ये घातलंय.

माझा पुतण्या फिल्म काढायचं शिकवतो. त्याने हे पाहिलं, चष्मा पुसला नि म्हणाला, "काकू, केवढा एकाकीपणा आहे यात!"

म्हटलं, "एकाकी तुझी बायको. तुझ्याबरोबर राहते ना."

त्याला आमचं हसणं कापून, मागे रडकी बासरी घालून कुठेतरी बक्षीस मिळवायचंय. हसणं म्हणे विषयाला मारक! सबब पुतण्याला माझी गळकी छत्री द्यावी. फिल्म देऊ नये.

फिल्म मैत्रिणीलाच देणार होते, आणि साक्षीला सहीही तिचीच हवी होती. वकील म्हणाले, "आजी, ज्याला मिळणार त्याने साक्षीदार व्हायचं नाही." मी लगेच तिला फोन लावला.

"भवाने, फिल्म घेतेस की सही करायला येतेस?"

"फिल्म घाल चुलीत. येते मी."

विमानाला घाबरून इतकी वर्षं आली नव्हती, भित्री कुठली.

तेव्हा फिल्म नातीला. दाखवायची तर अख्खी दाखवावी, हसण्यासकट.

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार १ : डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत, जीभही. (सही)

साक्षीदार २ : मैत्रीण, शिलाई कामगार, समक्ष हजर. (सही)

ठिकाण : माझं स्वयंपाकघर.
दिनांक : मंगळवार, ती विमानातून उतरली त्याच्या दुसऱ्या दिवशी.