शिडाची झोळी

विंडवर्ड, कारियाकू
३ मार्च १९७१

चि. आल्बन यास,
ताईचे अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तेवढं ठीक नाही. झटक्यानंतर तुझ्या दाजींच्या उजव्या हातात जीव परत आला नाही. पाय सुधारला, जीभ तर आजारपणाआधीपेक्षा जास्तच चालते, पण हात नुसता लोंबतो. त्याबद्दल रडगाणं गायला हे पत्र नाही. कारण आहे होडी.

जानेवारीत आम्ही दोघं तिला घेऊन बाहेर पडलो. सुकाणू त्यांच्या डाव्या हातात, दोर माझ्याकडे. जाताना सगळं छान जमलं. परत खाडीत शिरताना मी शिडाचा दोर सोडला आणि ते एवढं मोठं कापड धाडकन त्यांच्या अंगावर आलं. एका हातानं सुकाणू धरायचं की तोंडावरचं कापड बाजूला करायचं? होडी जाऊन शेजारच्यांच्या होडीवर आदळली. कोणाला लागलं नाही. पण मी कापड उचललं तेव्हा हे तिथंच मान खाली घालून बसलेले. म्हणाले, "विकून टाक."

ही होडी त्यांनी स्वतः किनाऱ्यावर, बदामाच्या झाडाखाली बांधली, तू तेव्हा शाळेत होतास. होडी आदळली त्या दिवसापासून ते किनाऱ्यावर उतरलेले नाहीत.

तू तिकडे परदेशी लोकांच्या होड्यांवर दोर चढवतोस. उतरलेलं शीड पडेल तिथंच नीट राहील अशी काही युक्ती असते का? हसायचं असेल तर आधी हसून घे, मग उत्तर लिही.

उर्सुलाला आशीर्वाद, मुलांना गोड पापा. आठवण धरून राहा.
तुझी ताई,
झेफ्रीन


पोर्ट ऑफ स्पेन
१९ मार्च १९७१

ती. झेफ्रीनताईस,
सा. न. वि. वि.

हसलो नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि जेवण गार झालं, त्यावरून उर्सुलानं ऐकवलं.

युक्ती आहे, आणि जुनी आहे. डोलकाठीच्या वरच्या भागात, मध्यापेक्षा बरंच वर, दोन्ही बाजूंना एकेक दोर बांध. प्रत्येक दोराला खाली दोन फाटे फोड आणि ते फाटे शिडाखालच्या आडव्या काठीला बांध, एक पुढे, एक मागे. दोन्ही बाजूंचे दोर मिळून काठीच्या वर एक झोळी तयार होते. शीड सोडलंस की ते इकडेतिकडे न पसरता त्या झोळीत येऊन बसतं. काठीचं मागचं टोक वर धरणारा दोर तुमच्याकडे आहेच, तो आधी घट्ट कर, नाहीतर काठीच दाजींच्या डोक्यात येईल आणि दोष माझ्यावर.

शीड वर असताना झोळीचे दोर सैल ठेव, नाहीतर कापडाचं पोट दबतं. उतरवायच्या आधी ताण. एवढंच. सोबत दोराचं भेंडोळं पाठवतो आहे, आणि फाटे जोडायला लोखंडी कड्या.

दाजींना सांग, की मला होडी विकत घ्यायची आहे, भाव विचारला आहे. रागावले तर समज की अजून आशा आहे.

तुझ्या मायेतला,
आल्बन


विंडवर्ड
३० एप्रिल १९७१

चि. आल्बन यास,
अ. उ. आ.

तुझा निरोप सांगितला. रागावले. "त्याला म्हणावं, आधी पोहायला शीक," म्हणाले. मला फार बरं वाटलं.

दोर मीच चढवले. डोलकाठीवर चढायला मला अजून कोणाचा हात लागत नाही, पण खाली उभ्या असलेल्या बायकांनी परकरावरून जे काही विनोद केले ते पत्रात लिहिण्याजोगे नाहीत. धक्क्यावरचे पुरुष म्हणाले, झेफ्रीननं होडीवर कपडे वाळत घालायची सोय केली. मी म्हटलं, तुमचे धुऊन आणा, वाळत घालते.

शीड उतरलं छान. पण चढेना. वरच्या टोकाची लाकडी पट्टी दर वेळी दोराखाली अडके. मी खाली ओढायची, पुन्हा चढवायची, पुन्हा अडकायची. सगळा किनारा मजा बघत होता. तेवढ्यात मागून काठी टेकत टेकत तुझे दाजी आले. कोणीतरी घरी जाऊन त्यांना सांगितलं असणार, "तुझी बायको होडीवर नाचते आहे." मला वाटलं, आता सगळे दोर उतरवायला लावणार. त्यांनी पट्टी कुठे अडकते ते पाहिलं. मग म्हणाले की होडीचं तोंड वाऱ्याकडे कर, झोळीचे दोर सैल करून पुढे डोलकाठीशी अडकवून ठेव, शीड वर गेलं की सोड. तसं केलं आणि शीड सरळ वर गेलं.

लोखंडी कड्या मात्र त्यांना पटल्या नाहीत. शीड जुनं आहे, शिवण घासून जाईल म्हणाले. दुसऱ्या दिवशी होडी बांधताना उरलेला सीडरचा तुकडा काढून बसले. लाकूड दोन गुडघ्यांत धरायचं आणि डाव्या हातानं कोरायचं. पहिल्या कड्या फुटल्या. बोट कापलं. मी पुढे झाले तर असं बघितलं की मी मुकाट्यानं चुलीशी जाऊन नीरफणस भाजत बसले. आल्बन, लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस हट्टी आहे हे मला माहीत होतं. पण त्या कड्या हातात घेऊन बघ, आतून बोट फिरव, कुठे कुसळ लागत नाही. एक तुला पाठवते आहे.

अजून समुद्रावर यायला तयार नाहीत. मी विचारत नाही.

मुलांना जप, आणि आमच्यावरचं मन असंच ठेव.
झेफ्रीनताई


पोर्ट ऑफ स्पेन
१६ मे १९७१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कडी मिळाली. खिशात घेऊन फिरतो आहे. उर्सुला म्हणाली की इतकी गुळगुळीत वस्तू डाव्या हाताची नसेल, दाजी खोटं बोलतात. मी म्हटलं, दाजी टोचून बोलतात, खोटं नाही.

शीड चढवताना दोर पुढे नेऊन ठेवायचे हे मी तुला लिहायलाच विसरलो होतो, आणि त्यांनी ते किनाऱ्यावर उभं राहून ओळखलं! तू विचारत नाहीस हेच बरोबर. होडी पाण्यात ठेव, झोळी बांधलेली ठेव, रोज त्यांच्या डोळ्यांसमोर राहू दे.

तुम्हा दोघांचा,
आल्बन


विंडवर्ड
८ ऑगस्ट १९७१

चि. आल्बन यास,
लँबर्टचे आ.

अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, समजून घे. डाव्या हाताचं पहिलं पत्र. तुझ्या बहिणीनं लिहून देते म्हटलं, पण तिच्याविषयीच लिहायचं तर तिच्याकडून कसं लिहवून घेऊ?

जूनपासून मी पुन्हा होडीवर जातो. मागच्या आठवड्यात आम्ही पेटिट मार्टिनिक बेटाहून परतत होतो. एक झड येऊन गेली, मागे लाटा उरल्या. त्यांत मला एक उपडी होडी दिसली, तिला दोन माणसं चिकटलेली. युनियन बेटाचा एक म्हातारा मासेमार आणि त्याची थोरली मुलगी. म्हाताऱ्याची पकड सुटत चालली होती.

तुला सांगायला नको, अशा वेळी शेजारी जाऊन शीड खाली घ्यावंच लागतं, नाहीतर होडी पुढे निघून जाते. आणि मला एकच आठवत होतं, ते तोंडावरचं कापड. माझा हात थांबला. झेफ्रीननं ते पाहिलं. ती म्हणाली, "तुम्ही फक्त होडी धरा. बाकीचं माझ्यावर सोडा."

मी होडी वाऱ्याकडे वळवली. तिनं झोळी ताणली, दोर सोडला. शीड सरसरत खाली आलं आणि काठीवर बसलं, मांजर भिंतीवर बसावं तसं. समोर सगळं मोकळं. मला पाणी दिसत होतं, ती माणसं दिसत होती, माझी बायको दिसत होती. ती तोवर काठावर पालथी पडून म्हाताऱ्याची बाही पकडून होती. मुलगी ओरडून सांगत होती, आधी बाबांना. म्हातारा जड, कपडे भिजलेले. एकटीला ओढवेना. मी सुकाणूचा दांडा काखेत दाबला आणि डावा हात खाली दिला. दोघांनी ओढला. मुलगी मग आपली आपणच वर आली, आणि बापाला छातीशी घेऊन थरथरत बसली.

शीड पसरलं असतं तर आम्ही दोघं आधी त्यात गुरफटलो असतो आणि म्हातारा तेवढ्यात गेला असता. झोळी तू सांगितलीस, कड्या मी कोरल्या. पण होडी विकून टाक म्हटल्यावर जिनं विकली नाही, जी भर किनाऱ्यावर हसू सोसून डोलकाठीवर चढली, मला एकदाही चल म्हणाली नाही, तिनं त्या दोघांना वाचवलं. हे तिला तोंडावर सांगायला मला जमत नाही. बोलायला गेलो की टोमणाच निघतो. म्हणून तुला लिहिलं.

नाताळात वारा पूर्वेकडून धरला तर ग्रेनाडाला एक मुक्काम करून तुमच्याकडे यायचं ठरवलं आहे. होडीनंच येणार. झेफ्रीनला अजून सांगितलेलं नाही, ती लगेच खाऊसाठी पीठ भाजायला घेईल. तू धक्क्यावर उर्सुलाला आणि मुलांना घेऊन उभा राहा. आणि नजर माझ्यावर नको ठेवू. शीड उतरताना तिच्याकडे बघ.

राग लोभ सगळा आपलाच.
लँबर्ट